कॅमशाफ्ट: एका रविवारचं काम

बुधवार, ४ फेब्रुवारी
निर्णय झाला. गाडीचा कॅमशाफ्ट बदलायचा. स्वतः.

कारण: आज चढावर एका शाळेच्या व्हॅनने मला ओव्हरटेक केलं. मागच्या काचेतून मुलं हात हलवत होती. मी हलवला नाही.

ही काही साधी गाडी नव्हे. एके काळचं स्पोर्ट्स मॉडेल. दोन दारं, डिकीवर पंख. मीटर दोन लाख चौसष्ट हजारांवर. लोक म्हणतात, इंजिन थकलंय. थकलेलं नाही, त्याला संधी मिळालेली नाही. माझंही तसंच आहे, पण तो विषय वेगळा.

बायकोला प्रमोशन मिळालंय. शेजारच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे विभागाची प्रमुख. २ मार्चपासून रोज शेहेचाळीस किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. गाडी ती नेणार. माझं चष्म्याचं दुकान चालत सात मिनिटांवर, मला गाडी लागत नाही. तिने गाडीतल्या कामांची यादी दिली: वायपर, ड्रायव्हरकडची न उघडणारी काच, अडकणारा सीटबेल्ट. बस्स. एक्स-रे काढणाऱ्या बाईने इतकं वरवर बघावं याचं नवल वाटलं.

शनिवार, ७ फेब्रुवारी. सकाळी ९
शाफ्ट आला. काय वस्तू आहे! कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनच्या डोक्यावर फिरणारा दांडा. त्याला अंड्याच्या आकाराचे उंचवटे. फिरता फिरता ते वॉल्व्ह दाबून उघडतात. नव्या शाफ्टचे उंचवटे जास्त उंच. म्हणजे वॉल्व्ह जास्त उघडणार, इंजिन मोकळा श्वास घेणार, गाडी सुटणार. इतकं सोपं. बायकोला हे सगळं समजावून सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि वायपर कधी होणार ते विचारलं.

एका रविवारचं काम आहे. उद्याचा रविवार.

सकाळी १०.३०
सासरे, म्हणजे अप्पा, सध्या आमच्याकडे आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, एका डोळ्यावर हिरवी झापड. एकतीस वर्षं कारखान्यात पंपांचे शाफ्ट घासले. पंपांचे! तरी मान म्हणून नवा शाफ्ट त्यांच्या मांडीवर ठेवला. अप्पांनी एकेका उंचवट्यावरून अंगठा फिरवला आणि टॅपेट नवी आणलीत का, असं विचारलं. टॅपेट म्हणजे उंचवट्याखाली बसतात त्या वाट्या. मी म्हटलं, जुनी आरशासारखी गुळगुळीत आहेत. दिवसभर काचा तपासणाऱ्या माणसाला गुळगुळीत म्हणजे काय ते कळतं.

अप्पा म्हणाले, “जावईबापू, जुन्या वाट्या जुन्या दांड्याला घासून घासून त्याच्याच झालेल्या असतात. नव्याशी त्यांचं जमायचं नाही.”

म्हाताऱ्या माणसांना सगळीकडे संसारच दिसतो.

संध्याकाळी ६
कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडून बोल्ट नेमक्या जोराने आवळायचा टॉर्क रेंच मागून आणला. सहज विषय निघाला म्हणून बेत सांगितला. त्याने हातातलं चाक खाली ठेवलं. मग म्हणाला, “साहेब, म्हाताऱ्याला नवे दात बसवता येतात. जबडा कुठून आणणार?”

स्वतःच्या हातून काम जातंय म्हटल्यावर माणूस असं बोलणारच.

रविवार, ८ फेब्रुवारी
सकाळी आठला सुरुवात. चष्म्याच्या दांडीतला तिळाएवढा स्क्रू बसवणारे हात हे. इंजिनचे बोल्ट म्हणजे ढोबळ काम.

वरचं झाकण निघालं. बेल्ट निघाला. जुना शाफ्ट पाच पट्ट्यांखाली बसलेला असतो. पट्ट्या ज्या जागच्या त्याच जागी परत बसवायच्या, म्हणून दुकानातले स्टिकर लावून ठेवले. ‘उजवा डोळा’, ‘डावा डोळा’, ‘जवळचं’, ‘दूरचं’, ‘बायफोकल’. पद्धतशीर.

दुपारी दोनला एक बोल्ट निसटून इंजिनच्या आत गेला. कुठे, ते कळलं नाही. आवाज बराच वेळ येत राहिला.

एका रविवारचं काम म्हणजे अक्षरशः एकाच रविवारचं, असं मी कुठेच म्हटलेलं नाही.

गुरुवार, १२ फेब्रुवारी
बोल्टचा शोध चालू. दोरीला लोहचुंबक बांधून आत सोडलं. चुंबक इंजिनलाच चिकटलं. दोरी तुटली. आता आत दोन वस्तू आहेत.

दुकानात एका गिऱ्हाइकाने नवा चष्मा घातला आणि म्हणाला, सगळ्यावर काळा ठसा दिसतोय. माझ्या अंगठ्याचा होता. ग्रीस.

रविवार, १५ फेब्रुवारी
दोन्ही निघाले. म्हणजे, अप्पांनी काढले. वाकून, झापडीचा डोळा वर करून, कपड्यांच्या हँगरच्या तारेने. चार मिनिटं लागली. नशिबाचा भाग.

खूष होऊन मी लगेच नवा शाफ्ट ठेवायला घेतला. टॅपेटचा विषय अप्पांनी पुन्हा काढला. नवी मागवली तर दहा दिवस लागतील आणि २ तारीख जवळ आलीय, असं मी सांगितलं. त्यावर त्यांनी खुर्ची थोडी लांब सरकवली.

बायकोने काल बसची चौकशी केली म्हणे. पहिली बस पोचते आठ वाजता, ड्यूटी साडेसातची. म्हणजे बस बाद. म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर. मी तिला सांगितलं, काळजी नको. तिने मान हलवली. होकारार्थी होती असं धरून चाललोय.

गुरुवार, १९ फेब्रुवारी
पट्ट्या बसवताना ‘जवळचं’ आणि ‘बायफोकल’ यांचे स्टिकर तेलाने सुटून खाली पडलेले सापडले. अंदाजाने बसवल्या. माझा अंदाज सहसा चुकत नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी. सकाळी ११
इंजिन बंद केलं, म्हणजे जोडून पूर्ण केलं. दोन बोल्ट उरले. कंपनी पहिल्यापासून जास्तीचे घालत असणार.

शाफ्टबरोबर एक कागद आला होता. पहिल्यांदा चालू केल्यावर वीस मिनिटं इंजिन मंद होऊ द्यायचं नाही, रेस धरून ठेवायची, म्हणजे नवे उंचवटे टॅपेटवर नीट घोटले जातात, असं काहीसं. वाचून खिशात ठेवला.

दुपारी १२.३०
चालू झालं! तिसऱ्या सेल्फला!

तो आवाज कागदावर उतरवता येणार नाही. मंद सोडलं की इंजिन एका लयीत गुरगुरतं, सगळी गाडी खांद्यांपासून डोलते. हा आवाज मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांतून ऐकत आलो. मी उतरलो. पुढून व्हिडिओ घेतला, मागून घेतला. बायकोला गॅलरीत बोलावलं. ती आली, हात पुसत उभी राहिली आणि हसली. खरंच हसली. बऱ्याच दिवसांनी.

अप्पा खुर्चीतून सारखे ओरडत होते, रेस द्या, थांबू नका, रेस द्या. त्यांनाही इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं. मी त्यांना अंगठा दाखवला. बारा-तेरा मिनिटं तशीच गुरगुरू दिली. मग कागद आठवला आणि उरलेला वेळ भरपूर रेस दिली. सरासरी तीच पडते.

सोमवार, २३ फेब्रुवारी
टक टक टक असा एक आवाज येतोय. इंजिन नव्या भागाला सरावतंय.

बुधवार, २५ फेब्रुवारी
सराव वाढलाय. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, खाली कोण खलबत्त्यात कुटतंय?

शनिवार, २८ फेब्रुवारी. दुपारी ४
बायकोबरोबर ट्रायल. तिने स्टिअरिंग धरलं, मी शेजारी, माहिती द्यायला.

पहिल्या सिग्नलला बंद पडली. दुसऱ्याला पडली. तिसरा हिरवा होता, तिथे आपली आपण पडली. मी सांगितलं की या कॅमची ताकद मिनिटाला पाच हजारांच्या वरच्या फेऱ्यांना लागते, खाली तो मुद्दाम जरा बेफिकीर असतो. ती म्हणाली, मला हॉस्पिटलच्या दारात पाच हजारांवर जायचं नाहीये. मग चढ आला. मी म्हटलं, आता दाब. तिने दाबलं. मागून निळा धूर निघाला, पुढून टकटक थांबली, आणि गाडी उलटी घसरायला लागली. तिने हँडब्रेक ओढला. सीटबेल्ट अडकला होता, तिला बाहेर पडायला वेळ लागला.

सहा वाजता
गॅरेजवाल्याने ओढून आणली. झाकण उघडलं. दोन उंचवटे साफ झिजलेले. अंड्यांची लिंबं झाली होती. त्याने तेलात बोट बुडवून उन्हात धरलं. बोट चमकत होतं. सगळ्या इंजिनभर लोखंडाचा कीस फिरलाय, बेअरिंगंही गेली, जुना शाफ्ट परत घातला तरी उपयोग नाही, असं त्याने शांतपणे सांगितलं. वाटलं, आता तो दातांचं काहीतरी बोलणार. तो बोलला नाही. फडक्याला हात पुसत माझ्याकडे बघत राहिला. बोलला असता तर बरं झालं असतं.

अप्पांनी फक्त एक टॅपेट उचललं, खिशातल्या रुमालात गुंडाळलं आणि आत गेले.

मुख्य म्हणजे शाफ्ट सदोष निघाला. तक्रार करायची आहे. कागद सापडत नाही.

रविवार, १ मार्च
बायकोने हॉस्पिटलजवळ खोली घेतली. मला आज कळलं. पंधरा तारखेलाच ठरवून ठेवली होती म्हणे, वेळ पडली तर असावी म्हणून. पंधराला तर मी नुकता शाफ्ट बसवायला घेतला होता.

दुपारी बॅग भरली. सहा दिवस तिकडे, रविवारी इकडे. मी म्हटलं, दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. तिने उशीचा अभ्रा भरला, मग उशीही भरली.

बसस्टॉपवर बॅग उचलून मी दिली. तेवढं काम चोख झालं.

शनिवार, ७ मार्च
घरात दोन पुरुष. एकाला दिसत नाही, एकाला सुचत नाही. पैकी अप्पांना उद्यापासून दिसेल, झापड निघतेय.

ते दिवसभर गाडीत बसून काहीतरी करत असतात. आज बोलावून दाखवलं. वायपर चालतात. काच वरखाली होते. सीटबेल्ट सुर्रकन येतो. उत्तम काम. जागची हलत नाही इतकंच.

उद्या बायको येणार नाही. विभागात नवीन मशीन बसवतायत.

बुधवार, ११ मार्च
बायकोचा फोन. झोप चांगली लागते, पायी पाच मिनिटांत कामावर जाता येतं, शेजारच्या खोलीत एक नर्स आहे, तिच्याबरोबर संध्याकाळी फिरायला जाते. मग म्हणाली, गाडीची घाई करू नकोस.

याला म्हणतात विश्वास. दुसरी असती तर मागे लागली असती.

लगेच बेत केला. इंजिन पूर्ण उतरवायचं, तळापासून नवं करायचं. पिस्टन, बेअरिंग, सगळं. यावेळी टॅपेटसुद्धा. अप्पांना सांगितलं. त्यांनी आजवर मला कधी नावं ठेवली नाहीत, आजही ठेवली नाहीत. म्हणाले, आधी तिला भेटून या.

रविवार, १५ मार्च
बसने गेलो. पन्नास मिनिटं लागली. गाडीलाही तेवढीच लागायची.

छोटी खोली. एक खिडकी, एक पलंग, एक खुर्ची. मी खुर्चीवर, ती पलंगावर. दुसरा कप नर्सकडून आणला. भिंतीवर ड्यूटीचं वेळापत्रक, त्यात आठ माणसांची नावं तिच्या अक्षरात. ती बारीक झालीय की नीट झोप झाल्यावर माणूस असाच दिसतो, ते ठरवता आलं नाही.

मी बेत सांगायला लागलो. उशीर का झाला, शाफ्टमध्ये दोष काय होता, आता पिस्टनपासून कशी सुरुवात करायची. एक्स-रे काढताना रोगी जसा श्वास धरून ठेवतो तशी ती ऐकत होती. माझं संपलं. मग तिने श्वास सोडला.

म्हणाली, “गाडी मला चालायला हवी होती. पळायला कुणाला हवी होती, हे तू एकदा तरी विचारलंस का?”

रागाने म्हणाली असती तर मी काहीतरी बोललो असतो. तिने सहज विचारलं, पेशंटला कुठे दुखतं ते विचारतात तसं. मी कप बघत बसलो. मग तिने विचारलं, जेवून जाणार ना? मी म्हटलं, हो. तिने एकीचं केलं होतं, त्यात दोघांचं भागवलं.

स्टॉपपर्यंत सोडायला आली. बस सुटेपर्यंत थांबली.

परतीच्या पन्नास मिनिटांत बरीच उत्तरं सुचली. सगळी कॅमशाफ्टबद्दल होती.