हेंकचा कालचा प्रश्न

हार्लेम, नेदरलँड्स, सप्टेंबर २०२०, मंगळवार संध्याकाळ

दुपारी शेजारच्या हेंकना ॲम्ब्युलन्समधून नेलं. त्यांची निळी उशी बाल्कनीतल्या खुर्चीवर तशीच राहिली. मजल्यावर आता मी एकटीच. नवरा, मंदार, मार्चपासून पुण्यात अडकलाय.

हेंक इथल्या बेसबॉल क्लबचे जुने स्कोअरर. लॉकडाऊन लागल्यापासून रोज बाल्कनीतून मला एक प्रश्न घालतात. उत्तर दुसऱ्या दिवशी द्यायचं, मोबाइलमध्ये बघायचं नाही. कालचा प्रश्न: बॅटर अख्खी मॅच खेळला, दर वेळी पहिल्या बेसवर पोचला, तरी त्याची सरासरी काढताना एकही खेळी धरली नाही. असं कसं?

आज भेंडी चिरताना एकदम सुचलं. आपल्याकडे क्रिकेटमध्ये नाबाद डाव कसा भागाकारात धरत नाहीत, तसंच! पिचरने, म्हणजे त्यांच्या बोलरने, चार चेंडू बाहेर टाकले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो. ती खेळी धरतच नसणार. किती आनंद झाला मला! सांगू कुणाला? मंदारला फोन केला. "अगं, तू आणि बेसबॉल?" म्हणाला, जांभई दिली, झोपायला गेला. तिकडे उशीर झालेला, त्याची तरी काय चूक.

पाऊस सुरू झाला म्हणून झाडूच्या दांड्याने ती उशी इकडे ओढून घेतली. आता हीटरवर वाळतेय.

उत्तर बरोबर आलं की हेंक नुसतं "खूट झो", म्हणजे शाब्बास, म्हणतात आणि आत जातात. चुकलं की अर्धा अर्धा तास समजावत बसतात.

परत आले की मी चुकीचं उत्तर देणार आहे.