पत्र्याचा नकाशा

१२ जुलै

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

खुशाली पुढे कधीतरी. आधी राग.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ओरडून बोलले की मालकीणबाई दार वाजवतात. म्हणून लिहिते.

काल क्लासच्या सरांनी नकाशा तपासला. भूगोलाच्या दुसऱ्या पेपरातला पहिला प्रश्न: कोरा नकाशा, दहा ठिकाणं, वीस गुण. क्लासमध्ये मी तो आजवर कधी सोडवला नव्हता. तो मी तुमच्याकडून शिकले होते. रोज सकाळी तुम्ही नकाशाच्या आकारात कापून दिलेल्या पत्र्याच्या साच्याभोवती पेन्सिल फिरवायची, दहा खुणा करायच्या, आठवड्याचे सात कागद शनिवारी पोस्टात टाकायचे. तुम्ही तुमच्याकडचा, ठिकाणांची भोकं पाडलेला जोडीचा साचा त्यावर ठेवायचा आणि दहापैकी दहा देऊन कागद परत पाठवायचे. अशी तीन वर्षं.

सरांनी माझा कागद छापील नकाशावर धरून खिडकीच्या काचेला लावला. दहापैकी सात चुकलेल्या. सगळ्या पश्चिमेला ओढलेल्या, आणि किनाऱ्यापासून जितकं दूर तितक्या जास्त. सर म्हणाले, धांदलीची चूक असती तर खुणा इकडेतिकडे गेल्या असत्या, या शिस्तीत चुकल्यात. कोणी शिकवलं, असंही विचारलं. मी सांगितलं नाही.

मी बोटांनी मोजते, तुम्हाला माहीत आहे. किनाऱ्यापासून चार बोटांवर खाण, सहा बोटांवर धरण. माझ्या खोलीत एक डॉक्टरीण आहे, दवाखाना सोडून स्पर्धा परीक्षेला बसलेली. ती म्हणते, तू नकाशा काढत नाहीस, सदऱ्याचं माप घेतेस. पण बोटं बरोबर आहेत, बाबा. साचा अरुंद आहे.

गेल्या वेळी मी अकरा गुणांनी राहिले. हा माझा शेवटचा प्रयत्न. साचा कशावरून काढलात ते कळवा.

आईस नमस्कार. लोभ आहे, पण आज तो रागाच्या मागे उभा आहे.

बारकी


१८ जुलै

चि. साहेबांस,
अनेक आशीर्वाद.

अजून निवड झालेली नाही, पण जाब विचारायची रीत साहेबांना जमली आहे. अभिनंदन.

मी एकोणचाळीस वर्षं मोजणी खात्यात साखळी ओढली. बांधावर काठ्या घेऊन उभे राहिलेले सख्खे भाऊ मी खुंटी ठोकल्यावर गप्प घरी गेले. माझ्या मोजणीवर अपिलं झाली, पण एकही मोजणी फिरली नाही. तुझ्या सरांनी कधी वावरात पाय ठेवला आहे का, ते त्यांना विचार. खिडकीच्या काचेवर कागद धरून जमीन मोजता येत असती तर सरकारने आम्हाला चपला कशाला दिल्या असत्या?

नकाशा डोक्यात बसवायचा असतो. बोटांनी मोजायला तो काही सदऱ्याचा घेर नाही. नाचता येईना अंगण वाकडे.

साचा बरोबर आहे. अभ्यास कर. क्लासची फी भरलीस म्हणून क्लासवाला देव होत नाही.

आशीर्वाद आहेतच. ते मी मोजून देत नाही.

बाबा

ता. क. बारके, मी आई. यांनी पाकीट चिकटवायला दिलं म्हणून दोन ओळी लिहिते. डबा लावलास का? केस गळतात म्हणाली होतीस, तेल पाठवते. हे दोन दिवस जेवताना बोलत नाहीत. परवा पत्रा पिशवीत घालून शाळेत गेले होते, मोठ्या नकाशाच्या खोलीत तासभर होते म्हणे. आले आणि भात तसाच ठेवला. तू काही लिहिलंस का?


२४ जुलै

बाबांस,

नमस्काराची अक्षरं आज लिहीत नाही. हात तयार होत नाही.

तुम्ही शाळेत गेला होतात. साचा घेऊन, तासभर. तो त्यांच्या मोठ्या नकाशाशी ताडलात आणि जे दिसायचं ते तुम्हाला दिसलं. मग घरी येऊन मला ते पत्र लिहिलंत. आईला वाचायला न देता तिच्याकडून चिकटवून घेतलंत, आणि तिनेच मला सांगितलं. तिला रागावू नका. या घरात सरळ रेघ तेवढी तिचीच आहे.

चूक मी सोडून दिली असती. माणूस चुकतो. पण परीक्षेला दोन महिने असताना, खोटं आहे हे माहीत असून, साचा बरोबर आहे असं तुम्ही लिहिलंत. मी तुमचं ऐकलं असतं, बाबा. तुमच्यापुढे सरांना मी कधीही खोटं ठरवलं असतं.

मी सहा वर्षांची असताना तुम्ही मला कचेरीच्या आवारात नेलंत. ठरलेल्या अंतरावर रोवलेल्या दोन दगडी खुंट्या दाखवल्यात. म्हणालात, कामाला निघण्याआधी साखळी रोज यांच्यावर ताणून बघायची, आणि ज्या साखळीने मोजलं तिनेच कधी तपासायचं नाही. दहापैकी दहा देताना तुमच्या हातात काय होतं? त्याच साच्याचा जुळा भाऊ.

माझ्याकडचा साचा सोबत परत पाठवला आहे. कडा दुमडल्या आहेत. त्या मीच दुमडल्या.

अंगण खरंच वाकडं होतं.

बारकी


३ ऑगस्ट

चि. बारकीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आठ दिवस शर्टाच्या खिशात होतं.

तू विचारलंस त्याचं उत्तर. साचा कचेरीतल्या भिंतीवरच्या नकाशावरून काढला. तो कापडावर डकवलेला, तीस वर्षं खिळ्याला टांगलेला. स्वतःच्या वजनाने उभा लांबला होता. मी चौकटी आखून तो लहान केला, उंची तुझ्या परीक्षेच्या कागदाएवढी धरली. म्हणून रुंदी कमी पडली. तुझ्या बोटाच्या रुंदीएवढी.

जुना नकाशा ताणला जातो किंवा आक्रसतो, हे मोजणीदाराला पहिल्या वर्षी शिकवतात. परक्यांच्या बांधासाठी मी दर वेळी ते तपासलं. तुझ्यासाठी तपासलं नाही. निवृत्त झाल्याला महिना झाला होता आणि तू नकाशा करून मागितलास. मी त्याच संध्याकाळी पत्रा कापला.

शाळेत आधी गेलो. पत्र नंतर लिहिलं. क्रम तुझ्या ध्यानात आला तोच आहे. त्याला कारण देत नाही.

दोन्ही साच्यांवर खिळ्याने 'बाद' असं कोरलं आणि तारीख घातली. कचेरीत बिघडलेल्या साखळीला तसंच करायचो.

आई माझ्याशी बोलत नाही. तेलाची बाटली सोबत आहे, ती तिने दिली. माझ्याकडून काही नाही.

बाबा


२८ सप्टेंबर

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

आज दुसरा पेपर झाला. नमस्कार लिहिला याचा अर्थ राग गेला असा घेऊ नका.

आठ आठवडे छापील नकाशावर बसले. डोकं नवं शिकलं, बोटं नाही. हात कागदावर गेला की चार बोटं आपोआप पसरायची. मग डॉक्टरणीने डाव्या हाताची बोटं चिकटपट्टीने एकत्र बांधून दिली. शेजारच्या खोलीतल्या मुली विचारायच्या, भाजलं का? ती सांगायची, वडिलांकडून आलेलं दुखणं आहे. मी हसले नाही. ती हसली.

आज पट्टी नव्हती. कोरा नकाशा समोर आला आणि मी डावा हात मांडीखाली घालून त्यावर बसले. तीन तास. बाहेर आले तेव्हा हाताला मुंग्या आल्या होत्या.

खोलीवर येऊन त्याच दहा खुणा, पेपरात केल्या तशाच, छापील कोऱ्या नकाशावर पुन्हा केल्या. तो कागद सोबत आहे. सरांना दाखवलेला नाही. तुम्ही तपासा. शाळेतल्या नकाशावर तपासा. किती बरोबर, किती चूक, एवढंच कळवा. समजूत नको, शाबासकी नको.

आईस नमस्कार. तेल संपलं.

बारकी


५ ऑक्टोबर

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

कागद मिळाला. त्याच दिवशी शाळेत गेलो. बाईंनी नकाशाची खोली उघडून दिली. आधी त्यांचा नकाशा दुसऱ्या दोन नकाशांशी ताडून पाहिला, उभा आणि आडवा. मग तुझा कागद घेतला. मग बाईंना बोलावलं, आणि माझं काही न सांगता त्यांच्याकडून पुन्हा तपासून घेतला. दोघांचं उत्तर एकच आलं.

आठ बरोबर. जागच्या जागी, केसाचाही फरक नाही.

दोन चुकल्या. धरण आणि अभयारण्य. दोन्ही पश्चिमेला.

त्या दोन माझ्या आहेत.

निकाल लागेल तो लागेल. चार गुणांनी राहिलीस तर कोणामुळे, ते मला माहीत असेल, आणि तुलाही लिहिलेलं असावं म्हणून हे पत्र. जपून ठेव.

आई म्हणते, आता लोभ माग. मागत नाही. राग असेपर्यंत रागाने लिही, पण लिहीत जा.

तेल पाठवलं आहे.

बाबा