गुलाबी कागद

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.२०
आजपासून रोजनिशी. शूटिंगचा पहिला दिवस. चित्रपट गंभीर आहे. चांगल्या घरातली बायको नवऱ्याला सोडून दुसऱ्याच्या प्रेमात पडते. माझ्याकडे कंटिन्युइटी. म्हणजे आज तिच्या डाव्या हातात पेला असेल, तर त्याच सीनचा उरलेला तुकडा गुरुवारी घेतानाही पेला डाव्याच हातात हवा. सगळं वहीत टिपायचं. दहावीत मी दोनदा नापास झालो, पण शुद्धलेखनात कधीच नाही. त्यामुळे बदललेले संवाद टाइप करून सकाळी नटांच्या हातात देणं हेही माझ्याकडेच. जुनं पान पांढरं, बदललेलं गुलाबी. नियम चांगला आहे.
संकल्प एकच : विषयाचा मनावर परिणाम होऊ द्यायचा नाही. लग्नाला चार वर्षं झालेला माणूस आहे मी.

३ सप्टेंबर, मंगळवार
नायिकेची लग्नाची अंगठी माझ्या ताब्यात असते. नवऱ्याच्या घरातल्या सीनला बोटात, प्रियकराच्या सीनला काढलेली. मॅडम स्वतःहून हात पुढे करतात. आज चार वेळा घातली, चार वेळा काढली. चौथ्या वेळी म्हणाल्या, थँक्यू राजा.
याची नोंद वहीत केली नाही. वही कंपनीची आहे.

५ सप्टेंबर, गुरुवार
राजा आज सहा वेळा. मेकअपच्या ताईंनी ऐकलं. म्हणाल्या, हुरळू नकोस, मॅडम गेटवरच्या कुत्र्यालाही राजाच म्हणतात. मत्सर माणसाला काय काय बोलायला लावतो! तरी जेवणाच्या सुट्टीत गेटवर जाऊन खात्री केली. म्हणतात. पण स्वर वेगळा आहे.
संध्याकाळी बायकोने विचारलं, आज काय झालं. ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात असते, तिला कलेतलं काय सांगणार? तुला नाही कळायचं, म्हटलं. बरं, म्हणाली, पण शर्टाची बटणं खालवर लागलीत, एवढं मला कळतंय.
म्हणजे दिवसभर तशीच होती. मॅडमनी पाहिलं असणार. पाहून गप्प राहिल्या. याला म्हणतात समजूतदारपणा.

७ सप्टेंबर, शनिवार
विचार पक्का. आमच्या चित्रपटातली बायको नवऱ्यापासून लपून प्रियकराला भेटायला जाते. तिथेच तिचं चुकतं. मी कोणाला फसवणार नाही. आधी बायकोला सांगणार, मग मॅडमना. क्रमाने.

८ सप्टेंबर, रविवार. दुपारी १२.४०
सांगितलं. बायको इस्त्री करत होती. मी म्हटलं, माझं मन आता दुसरीकडे आहे, तू स्वतःला दोष देऊ नकोस. रडारड होईल म्हणून रुमाल हाताशी ठेवला होता. तिने इस्त्री उभी केली आणि विचारलं, तिला माहीत आहे का? म्हटलं, उद्या कळवणार आहे. म्हणजे जिच्यावर प्रेम तिला पत्ताच नाही, आणि घर माझं मोडायला निघालास, म्हणाली. इस्त्रीची वायर काढली. मग म्हणाली, नुसता लबाड असतास तर भांडले असते रे.
कपडे भरायला मी मदत केली. घड्या नीट घातल्या. ती भावाकडे गेली.
आता मार्ग मोकळा आहे.  

८ सप्टेंबर. संध्याकाळी ६
पत्र टाइप करून तयार. चार वेळा शब्दकोश उघडला. एकही चूक नाही. खाली नाव घातलं नाही; त्यांना कळेलच. घरात पांढरा कागद नव्हता, ऑफिसचा गुलाबी होता. प्रेमाला शोभतोही.

९ सप्टेंबर, सोमवार. दुपारी, सामानाच्या खोलीतून
सकाळी पत्र मॅडमच्या हातात दिलं. मेकअपच्या खुर्चीत त्यांनी वाचलं. ओठ हलत होते. पुन्हा पुन्हा वाचत होत्या. हात जोडावेसे वाटले.
मग त्या सेटवर आल्या आणि दिग्दर्शकांना म्हणाल्या, आजचं नवं पान मिळालं, पाठही झालं, पण हे मी का बोलतेय? हा तर पुरुषाचा संवाद वाटतो.
दिग्दर्शकांनी कागद घेतला. वाचला. सेटवर शांतता करायला सांगितली आणि परत वाचला. लेखकाला फोन लावून विचारलं, हे तुझं का? लेखक म्हणाला, हो, माझंच, रात्रभर जागलो त्यावर.
माणसं कशी असतात!
दिग्दर्शक म्हणाले, हाच तो नवरा! इतके दिवस मला कळत नव्हतं, ही बाई चांगला संसार सोडून का जाते. आता कळलं. आपण असतो तर आपणही गेलो असतो.
नवऱ्याचं काम करणाऱ्या काकांना पान दिलं गेलं. त्यांनी विचारलं, रडू का? दिग्दर्शक म्हणाले, छे, मनापासून बोला, या माणसाला वाटतंय आपण जिंकतोय.
काकांचं पाठांतर कच्चं. शब्द पुरवायला मी. मॅडम बॅग भरत होत्या आणि काका बोलत होते : मंगळवारी आपण पाण्याचा पेला तीन घोटांत संपवलात, गुरुवारी पाच. त्या दोन घोटांचं कारण मी तर नाही ना? उत्तराची घाई नाही. मी गुरुवारी दुपारी मोकळा आहे.
दोन टेक लाइटवाल्याच्या हसण्याने वाया गेले. एकूण अकरा. मॅडमनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. तसं त्यांना सांगितलेलंच होतं.
शेवटी मॅडम मला म्हणाल्या, काय बिचारा नवरा लिहिलाय रे, राजा.

१० सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळी ७.१५
ठरवलं, झालं गेलं विसरून बायकोला माफ करायचं. म्हणजे तिने मला. मेहुण्याकडे गेलो. मेहुणा दारातून हलेना. म्हणाला, कोण हवंय? बायको बाहेर आली. मी सगळं सांगितलं, अकरा टेकसकट. ती हसायला लागली. हसता हसता पायरीवर बसली, डोळे पुसले. मेहुणाही हसला. मीही हसलो. जमलं, असं वाटलं. बॅग घे, चल, म्हटलं.
ती म्हणाली, हसले म्हणजे येते असं नाही. मेहुण्याने दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.
घरी येऊन चहा टाकला. साखर सापडेना. सगळे डबे उघडले. शेवटी फोन केला. दुसऱ्या फळीवर, मिठाच्या मागे, म्हणाली. आणखी काही म्हणेल म्हणून फोन कानाला धरून थांबलो. तिने केव्हाच ठेवला होता.
साखर तिथेच होती.