फिरकीचा तांब्या

प्रताप नगर, नागपूर
होळीच्या आधीचा रविवार, १९८७

प्रिय मनकर्णाबाई,

विहिणीला म्हणतात तसं इनबाई म्हणून सुरुवात करणार होते, पण इनबाई म्हटलं की मागून टोमणा येतो हे तुम्हाला एव्हाना पाठ झालं आहे. या पत्रातही एखादा येईल, सांभाळून घ्या. माझं अक्षर तुम्ही ओळखताच, कोंबडी शेणातून चालून गेल्यासारखं. मधुसूदन पहिलीत असताना तो पाटीवर गिरवायचा आणि मी परातीतल्या पिठात. पिठात जेवढं मावलं तेवढी माझी शाळा. तेव्हा काना-मात्रा चुकली तर आपली आपण लावून घ्या, आणि हे पत्र व्याहीबुवांकडून वाचून घेऊ नका. एकट्या वाचा.

इकडे सगळं बरं आहे. मधुसूदनचं रेडिओदुरुस्तीचं दुकान चालतं. आता लोक टीव्ही घेऊन येतात आणि तो मान आत घालून दिवसभर बसतो, रात्री मान दुखते म्हणतो. तुमची लेक शामला हापिसात पक्की झाल्याचं तुम्हाला तिनं कळवलंच असेल. दिल्लीच्या सरकारची नोकरी, आणि तिच्यासोबत दवाखान्याचं कार्ड. पगारातून थोडे कापतात, मग डॉक्टर, गोळ्या, तपासण्या, मोठ्या इस्पितळात भरती, सगळं त्या कार्डावर. कार्ड म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे. आमच्या यांच्याजवळ मिलच्या विम्याचं होतं. मिल होती तोवर खोकला आला की हे ऐटीत कार्ड खिशात घालून निघायचे. मिल सुटली तसं कार्डही सुटलं, आणि माणसाचं दुखणं सुरू होतं तेच मुळी मिल सुटल्यावर. म्हणून शामलानं म्हाताऱ्यांचीही नावं लिहिता येतात म्हटलं तेव्हा मला भारी नवल वाटलं. म्हटलं, सरकारला उशिरा का होईना, सुचलं.

पण त्यात एक गोम आहे. बाईमाणसानं एक तर आपले आईबाप लिहायचे, नाही तर सासूसासरे. दोन्ही नाही. आणि एकदा लिहिलं की ते पक्कं, मागं फिरणं नाही. पुरुषांना हे विचारतच नाहीत, त्यांनी आपले आईबाप लिहायचे आणि मोकळं व्हायचं. मधुसूदन म्हणाला, सासर लिहू का माहेर, हा घोर बाईच्याच नशिबी काहून? मी म्हटलं, बाबा, आमच्या वेळी तर कोणी विचारतही नव्हतं, आता निदान विचारतात.

तुम्ही शामलाला काय निरोप धाडला तेही मला कळलं. सासूचंच नाव लिही, आम्ही धडधाकट आहोत, सासरचं मन मोडू नकोस. मनकर्णाबाई, तुमच्या जागी मीही हाच निरोप धाडला असता. पण संक्रांतीला शामलाला घ्यायला मी तुमच्याकडं आले होते, आठवतं ना? तुम्ही तिळगूळ द्यायला उठलात तेव्हा भिंतीला हात लावून उठलात. पायात जोडवी रुतली होती. मी विचारलं तर म्हणालात, गॅस झाला वं थोडा. गॅस पायात उतरतो हे मी पहिल्यांदा ऐकलं. आणि निघताना व्याहीबुवा माझ्याजवळ हळूच बोलले. रागावू नका त्यांच्यावर. बोलले, रातभर बसूनच राह्यते जी ते, आडवी झाली का दम कोंडते. उमरेडच्या डॉक्टरनं नागपूरले न्या म्हटलं, हृदयाचं आहे, औषध जन्मभर लागन म्हटलं. मी म्हटलं, मग नेलं काहून नाही? तर माझी पिशवी उचलून पुढं चालू लागले.

खरं सांगते, ते कार्ड मलाही हवंसं वाटलं. माझे गुडघे कुरकुरतात आणि बीपी आहे. आता कोणी नाव लिहून घेतो म्हटलं तर कोणाला नको? पण माझी गोळी एकच, ती मेडिकलच्या सरकारी दवाखान्यातून मिळते, तिथली रांग मला पाठ आहे आणि रांगेत माझ्या मैत्रिणी झाल्या आहेत. मेडिकलला जायला मला रिक्षा लागते. तुम्हाला एसटी, मग रिक्षा, वर सोबतीला माणूस, आणि तेही दर महिन्याला. भूक दोघींना आहे, पण माझी नाश्त्याची आहे, तुमची उपासाची.

शामलानं मात्र माझंच नाव लिहिलं. देवाला दिवा लावून झाला आणि कागद माझ्यापुढं ठेवून म्हणाली, आई, तुमचं लिहिलं. मी चष्मा लावून पाहिलं. गोपिका महादेवराव, सुंदर अक्षरात, आणि पेन्सिलीनं. बाकीचा सगळा कागद शाईनं. पेन तिच्या हातातच होतं. पिठात शिकलेल्या बाईला एवढं कळतं की जे पुसायचं असतं ते माणूस पेन्सिलीनं लिहितं.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, शामला, तिथं मायबापाचं नाव लिही. तर म्हणाली, नियम आहे आई, ज्यांचं नाव लिहायचं ते आपल्याच घरात राहायला हवेत. तिच्या हापिसातले आनंदराव म्हणाले होते, राहतात म्हणून लिहून टाका, पाहायला कोण येतं? तिनं ऐकलं नाही. मलाही ते पटलं. खोटं लिहून कार्ड मिळेल, पण मग गोळ्या इथं आणि दम तिथं. मी म्हटलं, मग बोलाव त्यांना, समोरची खोली रिकामीच आहे. त्यावर म्हणाली, माय कशी येईल आई? ती आपल्या घरचं पाणीसुद्धा घेत नाही.

मनकर्णाबाई, आता टोमणा येतो. तुमचा तो फिरकीचा तांब्या. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत मी जाणते, माझ्या आईनंही पाळली. पण माझ्या आईला नऊ महिने पाळावी लागली, तुम्हाला सहा वर्षं झाली. तुम्ही बैठकीत बसून घरून भरून आणलेल्या त्या तांब्याचं झाकण फिरवता, त्याचा किरकिर आवाज होतो, आणि शामला उठून स्वयंपाकघरात जाते. चहा ठेवायला जाते असं तुम्हाला वाटतं. तुम्ही चहा घेत नाही, मधुसूदन दुकानात, मी तुमच्यासमोर. मग चहा कोणासाठी? मी एकदा मागून गेले तर ती नुसती ओट्याला धरून उभी होती. मी या घरात तिला त्या गोष्टीवरून एक शब्द बोलले नाही, कोणाला बोलू दिलं नाही. तुम्हीही बोलत नाही. पण तांब्या बोलतो.

मूल होईल, नाही होईल, ते देवाजवळ. पण जे बाळ अजून आलं नाही त्याच्या डोक्यावर तुमची तहान ठेवू नका. लेकीला तुम्ही जन्म दिलात, ती कमावती झाली, एका कागदावर मायचं नाव लिहायचं तिच्या मनात आहे. हे पुण्य काय कमी आहे? आणि व्याहीबुवांचं म्हणाल तर शेत बटईनं द्या, म्हैस तुमचे चंपतराव भाऊजी पाहतील. तुमच्या म्हशीला तसंही तुमच्यापेक्षा तेच आवडतात.

लोक काय म्हणतील ते मला कळतं. लेकीच्या घरी जाऊन राहिले म्हणतील. तुम्ही सांगा, लेकीकडं नाही, इनबाईकडं राहायला गेलो. ती एकटी होती, तिला सोबत हवी होती. हे खोटं नाही. आमचे हे गेल्यापासून दुपारी या घरात घड्याळाशिवाय कोणी बोलत नाही.

आणि आता एक गोष्ट सांगते, जी मी दहा महिने पोटात ठेवली. गेल्या वैशाखात तुमचा तांब्या उन्हात संपला, तुम्हाला घेरी आली आणि तुम्ही शेजारच्या सिंधूताईंकडं जाऊन दोन पेले पाणी प्यालात. परक्याच्या घरचं चालतं म्हणालात. बाई, सिंधूताईंच्या नळाला उन्हाळ्यात पाणी चढत नाही. ती घागर त्या सकाळी आमच्या अंगणातल्या नळावर भरली होती, आणि भरून त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवली होती तुमच्या शामलानंच. तिनं पाहिलं तुला पिताना. खिडकीतून पाहिलं आणि पदरानं डोळे पुसून हसली. तेव्हापासून ती तुझी रीत मोडलेलीच आहे मनकर्णे, आणि देवानं तुझं काही वाकडं केलं नाही. आता तुम्ही-बिम्ही पुरे झालं. शामलाला या पत्राची खबर नाही. होळी झाली की तिला कागद द्यायचा आहे आणि मी तिला सांगितलंय, थोडं थांब, शाई अजून वाळायची आहे. तू आलीस तरच ती ते पेन्सिलीचं नाव पुसेल, नाही तर माझंच नाव त्यावर जन्मभर बसेल आणि मला ते टोचत राहील. व्याहीबुवांना घेऊन ये, सकाळच्या गाडीनं, ऊन चढायच्या आत. समोरच्या खोलीत खाट टाकली आहे, टेकून बसायला दोन लोड ठेवले आहेत. फिरकीचा तांब्याही आण, विसरू नकोस. पण रिकामा आण.

वाट पाहणारी तुझीच,
गोपिका