उर्वीची हजेरी

रोहा, शनिवार

प्रिय आसावरी,

तुझी उर्वी पेणला आजीकडे रमली आणि तिचा खोकलाही गेला, हे तुझ्या मेसेजवरून कळलं. मी उत्तर दिलं नाही, तुझे फोनही उचलले नाहीत. रागावू नकोस. मला बोलायची भीती वाटते, म्हणून लिहिते आहे.

तीन आठवडे झाले, तरी बालवाडीचं कुलूप मी उघडते आणि दारातच थांबते. आत पाऊल टाकायच्या आधी मी हुंगते. फिनेलचा वास आला तरी मागचं दार आधी उघडून ठेवते. धाटावच्या केमिकल कारखान्यांकडे जाणारा टँकर वळणावर दिसला की शिकवता शिकवता माझा आवाज बंद पडतो आणि मुलं माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मग मी त्यांना मोजते. पुन्हा मोजते. हरेश म्हणतो, जेवायला बसलीस तरी तुझी बोटं मोजतच असतात. नवऱ्याला काय सांगू, मी काय मोजते ते?

पुण्याहून चिनी शिकून आले आणि दोन वर्षं नोकरी लागेना, तेव्हा तूच म्हणाली होतीस की लहान मुलांना शिकव, त्यांचे कान ताजे असतात. गडब गावी कमळाकरकाकांनी विचारलं होतं, "चायनीज म्हंजे भेल कराला शिकवनार काय गो?" आपण दोघी पोट धरून हसलो होतो. पण तुझं खरं निघालं. एकच 'मा', सूर सपाट ठेवला तर आई, खाली नेऊन वर आणला तर घोडा. मला हे जमायला सहा महिने लागले. साडेतीन वर्षांच्या विराजला एका सकाळी जमलं.

मुलांचे गट मी वयाप्रमाणे केले होते. दोन ते तीनचा बाळगट. त्यांनी पाणी एका पेल्यातून दुसऱ्यात ओतायचं, सांडायचं, गाणी ऐकायची. चिनी त्यांच्या नुसतं कानावर पडायचं. तीन ते चारची मुलं मणी ओवायची आणि बोटांवर चिनीत दहापर्यंत म्हणायची. मोठी मुलं वाळूत दोन फराटे ओढून 'माणूस' लिहायची. तिन्ही गटांचा मिळून एकच खेळ होता. मी "त्सोऊ" म्हटलं की चालायचं, "थिंग" म्हटलं की जागच्या जागी पुतळा. दोरीला धरून सगळं अंगण फिरायचो. बाळगट पुतळा होताना नेहमी पडायचा.

त्या गुरुवारी तू पहिल्या शिफ्टला जाताना उर्वीला सोडलंस आणि म्हणालीस, अंग थोडं कोमट आहे, लक्ष ठेव. मी म्हटलं, जा गं निवांत. सव्वाअकराला रस्त्यावर मोठा आवाज झाला. टायर फुटला असेल असं वाटलं. मग वास आला. केसांच्या कलपाचा असतो ना, तसा, पण नाकात सुई घातल्यासारखा. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. कोणीतरी बाहेर ओरडत पळालं, "टँकर उलटलाय, गॅस सुटलाय!"

 माझे हात आपोआप चालत होते. मुलांच्या छातीवर पिना लावलेले रुमाल असतात, ते आमच्या मदतनीस धोंडुबाईंनी आणि मी भराभर बादलीत बुडवून त्यांच्या तोंडाला धरायला दिले. मागचं दार उघडलं, दोरी ताणली. रडायला सुरुवात होणार, एक रडला की सगळे रडणार, पळणार, हे मला दिसत होतं. मी कशीबशी "त्सोऊ" म्हटलं. आणि आसावरी, ती चालायला लागली. त्यांना वाटलं, खेळच आहे.

मी घाबरून सरळ पुढे पळत सुटणार होते, वारा जाईल त्या दिशेला. धोंडुबाई मागून ओरडल्या, "वाऱ्याला आडवी चाल गो, वाऱ्यासंगं नको!" त्यांचा जन्म खाडीकाठी मिठागरावर गेला, वारा त्यांना कळतो. बाळगटातली दोन त्यांच्या कडेवर होती. कापलेल्या भातशेताचे बांध ओलांडून आम्ही नदीकडच्या आंब्याखाली पोचलो. तिथे हवा स्वच्छ होती. मी "थिंग" म्हटलं आणि मोजलं. तेवीस हवे होते. बावीस भरले.

त्यापुढचं तुला जे सांगितलं गेलं, तेच सगळ्यांना माहीत आहे. उर्वी आत राहिली होती, मी धोंडुबाईंना परत पाठवलं आणि बावीस मुलांना सांभाळत तिथेच उभी राहिले. त्या ओला पदर गुंडाळून गेल्या आणि उर्वीला छातीशी धरून आल्या. उर्वीला थोडा खोकला झाला, त्या मात्र चार दिवस ऑक्सिजनवर होत्या. अजून त्यांचा आवाज फुटत नाही. पेपरात माझा फोटो आला, चिनी खेळाचं कौतुक आलं. तू लिहिलंस, "तू माझी उर्वी मला परत दिलीस." ते वाक्य वाचल्यापासून मी तुझा फोन उचललेला नाही.

परवा धोंडुबाईंकडे गेले होते. मी म्हटलं, मी आसावरीला सांगते. त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "पोर आली ना घरा? मंग झाला." त्यांनी कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाहीत. म्हणून मलाच सांगायला हवं. सोमवारी माझा सत्कार आहे आणि तू स्टेजवर येऊन मला हार घालणार आहेस. आसावरी, मी त्यांना पाठवलं नव्हतं. बावीस भरल्यावर धोंडुबाईंनी विचारलं, "उर्वी कं आहे?" ती कुठे आहे ते मला माहीत होतं. अंग तापलं म्हणून मीच तिला पडद्यामागच्या गादीवर निजवलं होतं. सकाळी हजेरीत तिच्या नावापुढे खूणही मीच केली होती. मी म्हणाले, "उर्वी आज आलीच नाही." बाकीच्या मुलांना सोडून कशी जाणार होते, असं मी नंतर स्वतःला सांगून पाहिलं, पण त्या क्षणी ते मनात नव्हतं. मनात फक्त तो वास होता, आणि आपल्याला परत आत जावं लागेल ही भीती. धोंडुबाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, म्हणाल्या, "तिच्या चपला मी काढल्या सकाली," आणि पळाल्या. सोमवारी हार त्यांना घाल. कशासाठी ते तुला वाटलं तर सगळ्यांसमोर सांग, मी तिथेच उभी असेन. आणि उर्वीला पुन्हा माझ्याकडे पाठवायचं की नाही, ते मला न विचारता ठरव. तू विचारलंस, की पुन्हा तसं झालं तर तू जाशील ना आत, तर मी हो म्हणेन. माझ्या त्या 'हो'चीच मला भीती वाटते.

तुझी अजूनही असेन तर तुझीच,
मृणाली