रोजच्या कामापुरता

३ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलो. बाबांची वाचा गेली तरी कान शाबूत आहेत, त्यामुळे त्यांच्यासमोर तू हं आणि बघू याच्यापुढे जात नाहीस. कागदावर तरी मोकळेपणी बोलता येईल.

तुझा लॅपटॉप बंद पडला, सुटलीस. ते धूड चालू असलं की फोनवर मला वाटायचं तू गिरणीतून बोलते आहेस. आता माझं ऐक. तुमच्या चौकातल्या दुकानदाराशी मी बोलून ठेवलंय. पातळ, चंदेरी, मोठ्या स्क्रीनचा, वर चांगलं ग्राफिक्स कार्ड. तू फक्त जाऊन घेऊन यायचंस. पैशांचं मी बघतो.

एवढा भारी कशाला, असं विचारशीलच. गेल्या आठवड्यात आमच्या कंपनीने एका इमारतीत बसवलेली लिफ्ट मध्येच अडकली. आम्ही दार उघडलं तर आत तुझे जुने साहेब! घामाघूम झालेले, तरी मला पाहून पहिला प्रश्न तुझाच. तुझ्यासारखी घरांची चित्रं कॉम्प्युटरवर कोणी उभी करत नाही म्हणाले. घरून काम करायला तयार असशील तर हवीच आहेस. डॉक्टरांची रेकॉर्डिंग्ज ऐकून लोकांची दुखणी टाइप करण्यात तुझं आयुष्य जावं असं मला वाटत नाही.

बाबांना नमस्कार. तुझा जीव आहे माझ्यावर, म्हणून यावेळी नाही म्हणू नकोस.

तुझा,
बारक्या

१२ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

शेजारच्या काकूंना बाबांजवळ बसवून दुकानात जाऊन आले. तू सांगितलेला लॅपटॉप त्याने पुढ्यात ठेवला. देखणा आहे रे. इतका, की हात पुसून मग हात लावला. नंतर त्याच्या शेजारचा काळा, जाडसर, साधा लॅपटॉप पाहिला. विक्रेता तरुण आणि सरळ होता. काम काय करता, विचारलं. सांगितलं, हेडफोन लावून ऐकायचं, टाइप करायचं, पाठवून द्यायचं. तो म्हणाला, एवढ्यासाठी काळासुद्धा भरपूर होईल, याची बॅटरीही जास्त टिकते. मी काळ्याच्या कीबोर्डवर जरा टाइप करून पाहिलं. बटणं चांगली खोल, बोटांना कळतात.

तोच घेतला. चंदेरी रद्द करायला सांगितला.

रागावू नकोस. घरात महागडी वस्तू आली की तिला जपायला एक माणूस लागतं. मला जपायला एक आहेत, तेवढे पुरेत. काळा लॅपटॉप मी पलंगाच्या कडेला ठेवते, त्यावर औषधाची पट्टी ठेवते, बाबांचा हात लागून सरकला तरी जीव खालीवर होत नाही. थोडा सावकाश सुरू होतो. तेवढ्यात मी डोळे मिटून घेते.

माझ्या भावजयीला सांग, बारक्याचा रक्तदाब बघत जा म्हणावं. साहेबांना लिफ्टमधून सुखरूप काढलंस, छान केलंस.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
ताई

२० फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस म्हणतेस, पण मी रागावलोय. प्रश्न लॅपटॉपचा नव्हता हे तुलाही ठाऊक आहे. एक दार उघडत होतं, ते तू स्वतःच्या हाताने लावून घेतलंस, आणि वर मला बॅटरीचं कौतुक सांगतेस. साहेबांना आता कोणत्या तोंडाने सांगू?

तुला स्वस्तातलंच घ्यायची सवय लागली आहे. कपडे, चपला, आता कामही. आम्ही काही द्यायला गेलो की हात मागे घेतेस. बायको म्हणते मी तुला टोचून बोलू नये, म्हणून इथेच थांबतो.

बाबांना नमस्कार. राग आहे, पण लोभही तेवढाच आहे, विसरू नकोस.

बारक्या

१ मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

दुकानातलं एक सांगायचं राहिलं. काळा घ्यायचं ठरवण्याआधी मी त्या मुलाला विचारून चंदेरी सुरू करायला लावला. नमुन्यासाठी घराचा एक आराखडा त्यात होता. मी तो फिरवला, छप्पर उचललं, जिना दुसऱ्या बाजूला नेला. हात विसरले नव्हते. मुलगा बघतच राहिला. आणि मला आनंद व्हायला हवा होता ना? मला फक्त दमल्यासारखं झालं. त्या कामाला बसलं की सलग बसावं लागतं. इथे बाबांनी वाटीवर चमचा वाजवला की उठायचं. कूस बदलायची, पाणी द्यायचं, चादर बदलायची, पुन्हा बसायचं. टाइप करताना मध्येच उठता येतं. वाक्य तिथेच थांबून राहतं. उभं राहत असलेलं घर असं थांबत नाही, सगळं डोक्यातून निघून जातं. चंदेरी लॅपटॉप रोज माझ्यासमोर असता आणि मी रोज त्याची माफी मागत बसले असते.

मी साहेबांना स्वतः फोन केला. आत्ता जमणार नाही म्हटलं. भला माणूस, बाबांची चौकशी करून फोन ठेवला.

तू म्हणतोस मी हात मागे घेते. खरं असेल. पण तू देतोस ते कायम कुरियरने येतं रे. गादी आली, चाकाची खुर्ची आली, लॅपटॉप येणार होता. सगळं कामाचं होतं. पण खुर्चीत बसवायला बाबांना उचलते मीच. परवा डॉक्टरांचं रेकॉर्डिंग ऐकताना मला झोप लागली. अहवालात गुडघ्याच्या जागी भलतंच काहीतरी टाइप झालं. त्यांनी पकडलं म्हणून बरं, नाहीतर माझ्यामुळे कोणाचे हाल झाले असते.

काही द्यायचंच असेल तर तू ये. मी मावशीकडे जाईन, थोडे दिवस. याहून सरळ मला मागता येत नाही.

ताई

२४ मार्च

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मावशीकडे पोचल्याचं कळलं. फोन करू नकोस, तू फोनवर चौकशीच करत बसतेस. सगळं इथे लिहितो.

पहिले दोन दिवस बाबांनी माझ्या हातून घास घेतला नाही. मान फिरवायची, दाराकडे बघायचं. तिसऱ्या दिवशी वाटी उडवली. मी भिंत पुसली आणि जिन्यात जाऊन बसलो. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं काढतो मी, आणि एका म्हाताऱ्याला चार घास भरवता येत नव्हते. काकू वर येत होत्या. त्या म्हणाल्या, डाव्या बाजूने भरव, उजवीकडचं त्यांना कळत नाही. हे तू कागदावर लिहून ठेवलं होतंस. मी वाचलं नव्हतं.

आता जमतं. आंघोळ घालताना काल ते हसले. मलाच हसले असावेत, मी त्यांच्याहून जास्त भिजलो होतो.

ऑफिसचे रिपोर्ट तुझ्या काळ्या लॅपटॉपवर करतो. एक वाक्य पुरं करायला चार वेळा उठलो, तेव्हा तुझं पत्र नीट समजलं. आणखी एक, त्यावर चहा सांडला. उपडा करून वाळवला, चालतो. फक्त एक अक्षर जोर लावून दाबावं लागतं. चंदेरी असता तर मी अजून जिन्यातच बसलेलो असतो.

वरिष्ठांशी बोललो. दर दोन महिन्यांनी मी इथे येऊन राहणार, तेवढे दिवस रिपोर्टचं काम इथून करेन. बायकोच म्हणाली, हे आधीच करायला हवं होतंस.

तुझ्या कृपेत ठेव. शनिवारी घ्यायला स्टँडवर येतो.

बारक्या

२९ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मावशीने दोनदा वाचून घेतलं आणि तुला शहाणा म्हणाली. मला पटायला वेळ लागेल.

इथे मी काही केलं नाही. जेवते, मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसते. मावशी विणत असते, मला काही विचारत नाही.

शनिवारी स्टँडवर येऊ नकोस. मी पुढच्या गुरुवारी येते आहे. विचारत नाही, कळवते आहे.

बाबांना जप. तुझ्यावरची माया इथून थोडी जास्तच आहे.

तुझी,
ताई