देवळात दिलेला पियानो

गेवराई
शनिवार, १३ डिसेंबर २०२५

तीर्थस्वरूप थोरले भाऊजी यांस,

वर्षाराणीचा नमस्कार, रीतीपुरता. आम्ही दोघं ठीक आहोत. तुमची शुगर कशी आहे, हे विचारायची पद्धत आहे म्हणून विचारते.

फोन केला नाही, कारण माझा फोन आला की तुम्ही तो स्पीकरवर टाकता आणि समोर बसलेले तुमचे कार्यकर्ते मध्येच हसतात. कागदाला स्पीकर नसतो. एकट्याने वाचा.

माझा पियानो परत करा.

मागच्या महिन्यात शाळेच्या प्रशिक्षणाला मी तीन दिवस बीडला होते. परत आले तर बैठकीतली भिंत मोकळी. तुमच्या भावाला विचारलं, तर टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाले, "दादा घेऊन गेले. सप्त्याला पेटी लागतीय म्हनले." दादांनी मागितलं की द्यायचं, एवढंच त्यांना जन्मभर येतं.

तुम्ही तो तलवाड्याच्या देवळाला देऊनच टाकलात. सप्त्याच्या पहिल्या दिवशी, माईकवरून. पांढऱ्या ऑइलपेंटने त्याच्या अंगावर 'कै. आप्पांच्या स्मरणार्थ' लिहून घेतलंत आणि खाली स्वतःचं नाव, वडिलांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं, तर निदान हलवाई घरी असताना ठेवावं.

ती भजनाची पेटी नाही, भाऊजी, विजेवर चालणारा पियानो आहे. पेटीवाल्या बुवांनी मागे हात घालून भाता शोधला, हे थोरल्या जाऊबाईंनी मला हसत हसत सांगितलं. त्यानंतरचं सांगताना मात्र त्यांनाही हसू आलं नाही. पूजा म्हणून तुम्ही नारळ फोडलात आणि त्याचं पाणी पट्ट्यांवर शिंपडलंत. वीज चालू असताना! मधल्या सात पट्ट्या जागेवर मुक्या झाल्या. मग त्यावर सतरंजी टाकून पिशव्या ठेवायला टेबल केलंत. मी स्वतः जाऊन बघितलं. तुम्ही पारावरच होता. म्हणालात, "देवाला दिलेली वस्तू कुनी माघारी घेतंय का? आन् ह्या वयात तुमाला कशाला पायजे बाजा?"

या वयात. ऐका तर मग. मी एकोणपन्नास वर्षांची आहे. रोज सव्वापाचला उठते, चहा टाकायच्या आधी कानाला हेडफोन लावते आणि सहा वाजेपर्यंत वाजवते. तुमच्या भावाला फक्त पट्ट्यांची टकटक ऐकू येते. डाव्या हाताची अनामिका माझं ऐकत नाही. तेवढ्या एका बोटाला ताळ्यावर आणायला पूर्ण उन्हाळा गेला. एका जर्मन उस्तादाची तीनशे वर्षांपूर्वीची दोन पानांची रचना बसवायला मला चौदा महिने लागले. बरं वाजवते, असंही मी म्हणत नाही. दुसऱ्या पानावर अजून अडखळते. पण रियाज चुकवलेला नाही. आप्पांच्या तेराव्यालासुद्धा नाही, आता काय समजायचं ते समजा.

तो पियानो कुणाचा, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या घरात ते नाव घेत नाहीत, म्हणून इतका वेळ मीही टाळत होते. माझ्या लेकीने, स्वप्नालीने, नोकरी लागल्यावर आणला. पहिल्या ओळी तिनेच माझी बोटं धरून शिकवल्या.

पुढच्या रविवारी अकराच्या आत तो घरी हवा. दुरुस्तीचं मी बघेन. रविवारच का, ते विचारू नका.

रविवार, दुपार

कालचं पाकीट टाकलं नव्हतं. वरचं काही खोडत नाही, ते सगळं खरं आहे. पण आता रविवारचं सांगूनच टाकते.

चार वर्षांपूर्वी आप्पा जायच्या आदल्या दिवशी तुम्ही आम्हा सगळ्यांना खाटेभोवती उभं केलंत. पोरीने स्वतःच्या मनाने, परजातीत लग्न केलं. म्हणून एकेकाने आप्पांच्या हातावर हात ठेवून म्हणायचं, तिच्याशी बोलणार नाही. आप्पांना शुद्ध नव्हती. वाक्य तुमचं होतं. तुमच्या भावाने हात ठेवला. मग मी ठेवला. तुमचा मला राग येतो, पण तो हात माझा होता आणि मी तो मागे घेतला नाही. त्याची मला लाज वाटते.

शपथ मी पाळली. दर रविवारी अकराला पुण्याहून तिचा फोन यायचा. मी उचलायचे, बोलायचे नाही. फोन पियानोवर ठेवून आठवडाभर घोटलेलं वाजवायचे. तीही बोलायची नाही. मी अडखळले की ती तिकडे टेबलावर बोटाने ताल द्यायची. वाजवून झालं की फोन बंद. बोलायचं नाही म्हणाला होता तुम्ही, वाजवायचं नाही म्हणाला नव्हता.

पियानो गेल्यावर दोन रविवार मी फोन उचललाच नाही. उचलून करणार काय? दोन्ही वेळा तीन-तीनदा वाजला.

आज पुन्हा वाजला. मी उचलला. ती मी वाजवायची वाट बघत होती. मी म्हणाले, "सपू, मी बोलायलेय."

तिचं पहिलं वाक्य सांगू तुम्हाला? "आई, कोन गेलं?"

कुणी मेल्याशिवाय आई आपल्याशी बोलणार नाही, असं वाटलं पोरीला. एवढं करून ठेवलंय आपण, भाऊजी. तुम्ही आणि मी.

"कुनी न्हाई गं गेलं," मी म्हणाले. तुमचे भाऊ दारात येऊन उभे होते. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी टीव्ही बंद केला, "दे हिकडं," म्हणाले, फोन घेतला आणि लेकीला विचारलं, "जेवलीस का?" सकाळी अकरा वाजता. दुसरं काही सुचलं नाही त्यांना. मग दोघंही रडत बसले.

येत्या शनिवारी ती जावयांना घेऊन येते आहे.

तेव्हा पियानोची मागणी मी मागे घेते. तो राहू द्या देवळात, तुमच्या नावासकट. तुम्ही नेला नसता, तर मी म्हातारी होईपर्यंत वाजवत बसले असते आणि त्यालाच बोलणं समजले असते. यासाठी तुमचे आभार मानावेत, असं क्षणभर मनात आलं. मानत नाही.

आप्पांच्या श्राद्धाला आम्ही तलवाड्याला येऊ, चौघं. जाऊबाईंना चार पानं वाढायला सांगा. वाढायची नसतील तर तसं कळवा, कागदावर, खाली सही करून. यावेळी हात तुमचा असू द्या.

भावजय म्हणून सही करायची सवय मोडते आहे.

स्वप्नालीची आई,
वर्षाराणी